टच माऊस की बटणांचा माऊस? मराठवाड्यातील कामाच्या टेबलावरून

माऊस निवडताना बहुतेक जण त्याच्यावर बोटांनी काय काय करता येते, हे पाहतात. ज्यांचा हात दिवसातले आठ-दहा तास माऊसवर असतो, त्यांच्यासाठी मात्र महत्त्वाचा प्रश्न याच्या नेमका उलट आहे: काहीही करायचे नसताना बोटे त्याच्यावर निवांत टेकवता येतात का? टच माऊस आणि बटणांचा माऊस यांची तुलना करायची तर किंमत, देखणेपणा, बॅटरी, टिकाऊपणा या सगळ्याच गोष्टी येतात आणि त्या पुढे येणारच आहेत. पण माझ्या मते दोहोंतला निर्णायक फरक याच प्रश्नात आहे, आणि मराठवाड्यात संगणकावर जे काम मोठ्या प्रमाणावर चालते, त्यासाठी याचे उत्तर बटणांच्या माऊसच्या बाजूने मिळते.

तुलनेसाठी चार माऊस घेतले होते. पहिला अ‍ॅपलचा मॅजिक माऊस, ज्याचा वरचा संपूर्ण पृष्ठभाग स्पर्श ओळखतो. दुसरा विंडोजसाठीचा एक बिनतारी माऊस, ज्याला चाकाच्या जागी स्पर्शपट्टी आहे. तिसरा दोन बटणे आणि एक चाक असलेला तारेचा साधा माऊस, जो आपल्याकडे तालुक्याच्या दुकानातही तीनशे ते पाचशे रुपयांत मिळतो. आणि चौथा बटणांच्याच परंपरेतला पण महागडा असा लॉजिटेकचा एमएक्स मास्टर ३एस. छत्रपती संभाजीनगर येथील माझ्या टेबलावर लेखन, हिशेब आणि लांबरुंद एक्सेल पत्रके ही कामे होतात. त्याखेरीज माझे मेहुणे अंबाजोगाईला चालवतात त्या आपले सरकार सेवा केंद्रात, वाळूज औद्योगिक वसाहतीत यंत्रभागांची रेखाटने करणाऱ्या एका परिचित अभियंता ताईंच्या टेबलावर आणि लातूरमधील एका फ्लेक्स-छपाईच्या दुकानात हे माऊस वापरून पाहिले. कामे वेगवेगळी असल्यामुळे मतेही वेगवेगळी मिळाली, आणि ती एकमेकांशी पूर्णपणे जुळली नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे.

बटण हा माऊसचा जन्मापासूनचा अवयव आहे. अमेरिकन संशोधक डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये जो लाकडी ठोकळा तयार केला, त्याला खाली दोन चाके आणि वर एक बटण होते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील प्रात्यक्षिकात लोकांनी पाहिलेल्या माऊसला तीन बटणे होती. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाऊसने मधले चाक रूढ केले आणि १९९९ नंतर खालच्या रबरी गोळीची जागा हळूहळू प्रकाशावर चालणाऱ्या संवेदकाने घेतली. त्या काळात एमएस-सीआयटीच्या वर्गात गोळी बाहेर काढून आतल्या रुळांवरचा मळ नखाने खरवडणारी पिढी आता चाळिशीत आहे, आणि या बदलाचे मोल तिला वेगळे सांगावे लागणार नाही.

अ‍ॅपलने २००५ मध्ये मायटी माऊसमध्ये स्पर्श आणला. त्याच्या कवचाखाली स्पर्शसंवेदक होते. परंतु उजवी क्लिक करताना डावे बोट उचलून धरावे लागे आणि वरची चिमुकली गोळी मळाने अडकून बसे. २००९ मध्ये मॅजिक माऊस आला आणि गोळीही गेली. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने वाकवला की सुरू होणारा आणि सपाट केला की बंद होणारा आर्क टच माऊस काढला, पुढच्याच वर्षी टच माऊस आणला, आणि लॉजिटेकनेही त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत अशी अनेक मॉडेल्स बाजारात आणली. आज दुकानात गेल्यास यांतली बहुतेक नवी मिळत नाहीत. मॅजिक माऊस मात्र टिकून आहे. पाच-सात वर्षांच्या उत्साहानंतर बहुसंख्य कंपन्या पुन्हा चाक आणि बटणांकडे वळल्या, ही गोष्ट मला पुरेशी बोलकी वाटते.

स्पर्श ओळखण्याची पद्धत मोबाइलच्या पडद्यासारखीच आहे. कवचाच्या आतल्या बाजूस विद्युतवाहक पट्ट्यांची जाळी असते. बोट जवळ आले की त्या ठिकाणची विद्युतधारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते, आणि त्या बदलावरून बोट कोठे आहे व कोणत्या दिशेने सरकले हे आतला परिपथ ठरवतो. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मॅजिक माऊसला बटण नाही असे सर्रास म्हटले जाते, पण ते खरे नाही. त्याचे अख्खे कवच हेच एक बटण आहे. ते खाली दबते आणि आतली खरीखुरी यांत्रिक कळ वाजते. क्लिक डावी समजायची की उजवी, एवढेच काय ते बोटाच्या जागेवरून सॉफ्टवेअर ठरवते. म्हणजे दाबण्याचे काम अजूनही यांत्रिकच राहिले असून स्पर्शाने खरोखर बदलले आहे ते चाक.

याउलट बटणांच्या माऊसमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र सूक्ष्म कळ असते आणि ती दाबण्यासाठी ठरावीक जोर लावावाच लागतो. हा जोर किरकोळ आहे, परंतु बोटाचा नुसता भार आणि हेतुपूर्वक दिलेला दाब यांच्यामध्ये तो उंबऱ्यासारखा उभा असतो. चाकालाही खाचा असतात. एक खाच ओलांडल्याचा धक्का बोटाला कळल्याशिवाय पान हलत नाही. स्पर्शपृष्ठावर असा अडथळा नाही. बोट विसावले आहे की सरकते आहे, याचा अंदाज सॉफ्टवेअरला करावा लागतो, आणि अंदाज म्हटला की तो कधीतरी चुकणारच.

अंबाजोगाईच्या केंद्रात हे लगेच दिसून आले. उत्पन्नाचे दाखले, रहिवासी दाखले, सातबाऱ्याचे उतारे आणि पावसाळ्यात पीकविम्याचे अर्ज असे तेथील काम आहे. समोर माणसांची रांग असते, एका हाताने कागद चाळायचे आणि दुसऱ्या हाताने माऊस धरायचा, मध्येच अर्जदाराकडे पाहून गटक्रमांक विचारायचा, अशी तेथील बसण्याची रीत आहे. तेथे काम करणाऱ्या मुलाने स्पर्शपट्टीचा माऊस हाती घेतल्यावर थोड्याच वेळात तक्रार केली: "सर, नुसता हात ठेवला तरी पान पळायलंय." त्याचे म्हणणे अचूक होते. अर्जदाराशी बोलताना तो बोट पट्टीवर विसावत होता, बोट नकळत सरकत होते आणि पडद्यावरचा अर्ज वर-खाली होत होता.

पान सरकणे एवढ्यावरच हे थांबले असते तर वैतागापलीकडे त्याला महत्त्व नव्हते. काही संकेतस्थळांवर अंक भरण्याची चौकट निवडलेली असताना चाक फिरवले की चौकटीतला अंकच बदलतो. ब्राउझर ते अंक वाढवण्याची किंवा कमी करण्याची सूचना समजतो. नमुन्यादाखल भरलेल्या एका अर्जात क्षेत्राच्या चौकटीतले ०.८० हेक्टर अशा रीतीने १.८० झाले, आणि पडद्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. अर्ज दाखल करायचा नव्हता म्हणून त्याचे काही बिघडले नाही. चाकाच्या माऊसवरही हे घडू शकते, हे मान्य केले पाहिजे. फरक एवढाच की तेथे चाक फिरवावे लागते, आणि येथे बोट हलणे पुरेसे होते. जुलैअखेर विम्याच्या मुदतीसाठी झुंबड उडालेली असताना, आणि एका दशांशावर शेतकऱ्याची नुकसानभरपाई अवलंबून असताना, असा माऊस त्या टेबलावर असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मेहुण्यांनी तो त्याच संध्याकाळी मला परत केला.

वाळूजच्या ताईंचा आक्षेप वेगळ्या कारणासाठी होता, आणि तो वादातीत आहे. ऑटोकॅड या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चाक दाबून धरले की रेखाटन हवे तिकडे सरकवता येते, चाक फिरवले की ते जवळ-दूर होते आणि चाकावर दोनदा क्लिक केले की सगळे रेखाटन पडद्यात मावते. सॉलिडवर्क्समध्ये चाक दाबून धरून सुटा भाग चहूबाजूंनी फिरवून पाहता येतो. म्हणजे चाक हे तेथे तिसरे बटण आहे, आणि या मंडळींच्या हातून ते दिवसभरात इतर दोन बटणांइतकेच दाबले जाते. मॅजिक माऊसला मधली क्लिक मुळातच नाही. वेगळे सॉफ्टवेअर बसवून ती मिळवता येते, परंतु बोटांची विशिष्ट मांडणी करून मिळवलेली क्लिक दाबून धरत रेखाटन ओढणे ही कसरत ताईंनी काही मिनिटांतच सोडून दिली. त्यांनी कारण दिले ते असे की, रेखाटनात डोळे पडद्यावरून हटता कामा नयेत, आणि या माऊसवर बोट कोठे आहे हे पाहण्यासाठी नजर वारंवार खाली जाते. बटणाची कड आणि चाकाची धार बोटाला न पाहता कळते. गुळगुळीत कवचावर तशी कोणतीच खूण नाही.

लातूरच्या फ्लेक्सवाल्यांनी मात्र मला चकित केले. कोरलड्रॉमध्ये काम करणाऱ्या त्या गृहस्थांना टच माऊस अजिबात आवडणार नाही, अशी माझी अपेक्षा होती, कारण तेथे चाकाने चित्र जवळ-दूर होते आणि बोटाच्या चुकार हालचालीने वीस फुटी फलक एकदम तिळाएवढा होऊ शकतो. तसे झालेही. परंतु दुकानातल्या मॅकवर छायाचित्रे निवडताना, शेकडो चित्रांच्या लांबलचक यादीतून खाली जाताना आणि उभी-आडवी दोन्ही दिशांना पडदा सरकवताना मॅजिक माऊस त्यांना इतका भावला की त्यांनी दोन माऊस जवळजवळ ठेवायचे ठरवले: निवडीसाठी स्पर्शाचा आणि मांडणीसाठी बटणांचा. इतका खर्च प्रत्येकाला परवडणार नाही, पण कामाची ही वाटणी तर्कशुद्ध आहे.

टच माऊसचा हा गुण माझ्याही अनुभवाला आला. महाविद्यालयाच्या निकालाचे किंवा सोसायटीच्या वसुलीचे चाळीस-पन्नास स्तंभांचे एक्सेल पत्रक साध्या माऊसवर पाहणे कंटाळवाणे असते, कारण चाक फक्त वर-खाली जाते आणि आडवे जायचे तर तळाची पट्टी ओढत बसावे लागते. मॅजिक माऊसवर बोट आडवे फिरवले की पत्रक तेवढ्याच सहजतेने आडवे सरकते, बोट झटकले की ते काही अंतर आपल्याच वेगाने धावून हळूहळू थांबते, आणि दोन बोटांनी एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाता येते. लांब दस्तऐवज वाचणारा, चित्रफितींचे संकलन करणारा किंवा मुख्यतः पाहण्याचे काम करणारा माणूस याच्या प्रेमात पडला तर नवल नाही. त्याच वेळी हे नोंदवले पाहिजे की एमएक्स मास्टरला अंगठ्याजवळ दुसरे आडवे चाक आहे आणि तेही हेच काम करते. शिवाय एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत कंट्रोल आणि शिफ्ट दाबून साधे चाक फिरवले तरी पत्रक आडवे जाते. ही दुसरी सोय फुकट आहे आणि ती फारच थोड्यांना ठाऊक आहे.

हाताच्या आरामाच्या बाबतीत मॅजिक माऊस मला सर्वांत कमी पटला. त्याची उंची जेमतेम २.१६ सेंटिमीटर आहे. तळहाताला आधार मिळत नाही, बोटे पृष्ठभागावर टेकली तर काहीतरी घडेल या धास्तीने ती अधांतरी धरली जातात, आणि तासाभराने पंजाच्या मागच्या बाजूला ताण जाणवतो. एमएक्स मास्टरची उंची ५ सेंटिमीटरहून थोडी अधिक आहे. वजन १४१ ग्रॅम म्हणजे मॅजिक माऊसच्या जवळजवळ दीडपट असूनही हात त्याच्यावर पूर्ण विसावतो. तीनशे रुपयांचा माऊस या दोहोंच्या मध्ये आहे. तो विशेष सुखाचा नाही आणि तापदायकही नाही.

आता हवामानाविषयी, कारण ही परीक्षणे बहुधा वातानुकूलित खोल्यांत बसून लिहिली जातात. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि बहुतेक कार्यालयांत गारव्यासाठी कूलर लावलेला असतो. कूलरची हवा दमट असते. बोटांचा घाम वाळत नाही, आणि घामातले क्षार वीजवाहक असल्यामुळे ओल्या पृष्ठभागावर स्पर्शाची नोंद विस्कळीत होते. बोट गुळगुळीत सरकण्याऐवजी अडखळते, आणि अधूनमधून न दिलेली सूचनाही दिली गेल्यासारखी होते. रुमालाने पुसले की माऊस ताळ्यावर येतो, परंतु भर दुपारी ते वरचेवर करावे लागते. यांत्रिक बटणाला बोट ओले आहे की कोरडे याच्याशी कर्तव्य नाही.

धुळीच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फटींतून धूळ आणि केस आत जातात, चाकाचे आतले संपर्क मळतात आणि मग चाक खाली फिरवले तरी पान मध्येच वर उडी मारते. जिनिंगच्या कार्यालयात, जेथे कापसाचा तंतू हवेत तरंगत असतो, तेथे हे फार लवकर घडते. स्पर्शाच्या कवचाला वरून फटच नसल्यामुळे त्याला हा आजार नाही, आणि अशा जागी टच माऊस केवळ शोभेचा ठरत नाही.

आजार जडल्यावर काय, हा पुढचा मुद्दा. बटणांच्या माऊसला हमखास होणारा बिघाड म्हणजे एकदा दाबले असता दोनदा क्लिक होणे. कळेतल्या धातूच्या पातळ पट्टीचा संपर्क झिजला किंवा काळवंडला की दाबताना तो थरथरतो आणि संगणकाला एकाऐवजी दोन संकेत मिळतात. चांगल्या कळांचे आयुष्य निर्माते एक कोटी क्लिकच्या पुढे सांगतात. रोज पाच हजार क्लिक आणि वर्षाला तीनशे कामाचे दिवस धरले तर वर्षाला पंधरा लाख होतात, म्हणजे कागदावर सहा वर्षांहून अधिक काळ निघायला हवा. स्वस्त माऊसमधली कळ इतकी टिकत नाही, हे आपण सगळेच पाहतो. परंतु ती कळ काही रुपयांना मिळते आणि मोबाइल दुरुस्त करणारा कोणीही कारागीर ती डाग देऊन बदलून देतो. मॅजिक माऊसचे कवच चिकटवलेले असते. ते उघडायला सहसा कोणी धजत नाही, आणि मॅजिक माऊस साडेसात हजारांच्या आसपासचा असल्यामुळे 'फेकून नवा घ्या' हा सल्लाही देता येत नाही.

विजेचा प्रश्न वाटतो तितका गंभीर नाही. मॅजिक माऊसची पहिली आवृत्ती दोन पेन्सिल सेलवर चालत असे. २०१५ पासून आतली बॅटरी आली आणि चार्जिंगची खाच तळाशी गेली. २०२४ मध्ये ती यूएसबी-सी झाली तरी जागा बदलली नाही, त्यामुळे चार्जिंग सुरू असताना माऊस उलटा पडून राहतो आणि काम थांबते. यावर जगभर पुष्कळ हसून झाले आहे. मात्र दोन मिनिटांच्या चार्जिंगवर नऊ तास चालेल, असा कंपनीचा दावा आहे आणि एकदा पूर्ण भरला की महिनाभर पाहावे लागत नाही, त्यामुळे वीज जाण्याच्या वेळा सांभाळूनही तो निभावतो. एमएक्स मास्टरची खाच पुढच्या बाजूस असल्याने चार्जिंग करता करता तो वापरता येतो. आणि तारेच्या माऊसपुढे हा प्रश्नच नाही.

ज्यांच्याकडे विंडोजचा संगणक आहे, म्हणजे आपल्याकडचे बहुसंख्य लोक, त्यांनी मॅजिक माऊस घेण्यापूर्वी एक लक्षात ठेवावे: तो ब्लूटूथने जोडला जातो, बाण हलतो, क्लिकही होते, पण अ‍ॅपलचा ड्रायव्हर, म्हणजे माऊसची ओळख संगणकाला करून देणारे सॉफ्टवेअर, बसवल्याशिवाय स्पर्शाने पान सरकत नाही. मग ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले तीच हाती लागत नाही.

डावखुऱ्यांसाठी वेगळे लिहावे लागेल. एमएक्स मास्टरसारखे सुबक, अंगठ्याची खोबण असलेले बहुतेक माऊस उजव्या हातासाठीच घडवलेले असतात, आणि डाव्या हाताने ते धरताच येत नाहीत. मॅजिक माऊस दोन्ही बाजूंनी सारखा आहे आणि डावी-उजवी क्लिक सेटिंगमध्ये अदलाबदल करता येते. अर्थात तीनशे रुपयांचा साधा माऊसही दोन्ही बाजूंनी सारखाच असतो आणि विंडोजमध्येही हीच अदलाबदल होते, तेव्हा मॅक वापरणारा आणि मुख्यतः वाचन-संकलन करणारा डावखुरा सोडला, तर इतर डावखुऱ्यांना मी साधाच सुचवीन.

टच माऊस घ्यायचे मनात असलेच तर दुकानदाराने उघडून दिलेल्या कोऱ्या पानावर तो पाहू नये. आपली रोजची फाइल सोबत न्यावी, अंकांची चौकट निवडावी, हात माऊसवर ठेवावा आणि दुकानदाराशी पाच मिनिटे गप्पा माराव्यात. त्यानंतर पडद्यावरचा अंक तोच राहिला आहे का, ते पाहून पैसे द्यावेत.